पिस्तूल सोबत घेऊन कामाचा दौरा: कायदा वाटेला संरक्षण देतो, मुक्कामाला नाही

अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स एका राज्याचं असलं तरी पन्नासही राज्यांत चालतं. पिस्तूल बाळगण्याचं परमिट तसं चालत नाही. जॉर्जियात जे पिस्तूल कमरेला लावून फिरणं कायदेशीर आहे, तेच परमिटशिवाय न्यू जर्सीत जवळ सापडलं तर सेकंड डिग्रीचा गुन्हा लागतो. ५ ते १० वर्षांची शिक्षा, आणि ग्रेव्ह्ज ॲक्ट, म्हणजे बंदुकीच्या गुन्ह्यांना सक्तीची कैद लावणारा तिथला कायदा, लागला तर त्यातले किमान ४२ महिने पॅरोल नाही. परराज्यातून अजाणता आलेल्यांना सवलत देण्याबाबत तिथल्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०१४ साली सरकारी वकिलांना मार्गदर्शन केलं आहे. पण ती सवलत मिळाली तरी अटक, जामीन आणि वकिलाची फी या सगळ्यातून गेल्यावर.

कामानिमित्त फिरणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. "फेडरल कायदा आहे ना, मग कुठूनही नेता येतं," एवढं कानावर आलेलं असतं. कायदा आहे हे खरं, पण तो वाटेचा कायदा आहे. दौरा म्हटला की हॉटेल आलं, क्लायंटचं ऑफिस आलं, चुकलेली कनेक्टिंग फ्लाइट आली. त्या ठिकाणी हा कायदा तुमच्या पाठीशी नसतो.

आधी स्वतःची पात्रता

अमेरिकेतले बरेच मराठी वाचक व्हिसावर आहेत, म्हणून हे सर्वांत आधी. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. फक्त विकत घ्यायलाच नव्हे, बाळगायलासुद्धा. मित्राचं पिस्तूल "जरा तुझ्या बॅगेत ठेव" म्हणून घेतलं तरी ते बाळगणंच. याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जातो तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असणं. या अपवादाने फेडरल मनाई उठते. राज्यांचे स्वतःचे नियम मात्र तसेच राहतात, आणि काही राज्यं व्हिसाधारकाला हँडगनचं परमिट देतच नाहीत. अशा स्थितीत दौऱ्यावर पिस्तूल नेण्याचा विचारच सोडावा, असं आमचं स्पष्ट मत.

ग्रीन कार्ड असेल तर फेडरल मनाई नाही. पण इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम आहे आणि अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक, ग्रीन कार्डधारकही, देशाबाहेर काढण्यास पात्र ठरतो. ज्या चुकीसाठी अमेरिकन नागरिकाला दंड आणि प्रोबेशनवर सुटता येईल, तिच्यापायी ग्रीन कार्डवाल्याचं इथलं सगळं बिऱ्हाड उठू शकतं. म्हणून सरकारी वकिलाने तडजोड पुढे केली तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नये.

जिथे जायचं तिथे काय चालतं

नकाशा उघडून रस्ता बघण्याआधी शेवटचा मुक्काम तपासावा, कारण उरलेलं सगळं त्यावर ठरतं.

२०२४ पर्यंत २९ राज्यांनी परमिटशिवाय पिस्तूल बाळगायला मुभा दिली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, ओहायो, टेनेसी ही त्यातलीच. तिथेही वयाची अट कुठे १८, कुठे २१. आणि मुभा म्हणजे सगळीकडे मोकळं रान नव्हे. शाळा, न्यायालय, बार अशा बंदी असलेल्या जागांची यादी प्रत्येक राज्याची निराळी असते.

दुसरा गट परस्पर मान्यतेचा. तुमच्या राज्याचं परमिट त्या राज्याला मान्य असेल तर चालतं. यात एक खाच आहे. कोलोरॅडो आणि मिशिगन अशी राज्यं फक्त रहिवासी परमिट मानतात. म्हणजे परमिट ज्या राज्याचं, तुम्ही राहायलाही तिथेच हवेत. युटाचं अनिवासी परमिट दौऱ्यावरच्या लोकांमध्ये फार लोकप्रिय आहे, पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने ते दाखवून डेन्व्हरमध्ये पिस्तूल बाळगलं तर त्या कागदाचा उपयोग नाही.

तिसरा गट बाहेरचं कुठलंच परमिट न मानणाऱ्यांचा: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, हवाई, ओरेगॉन, वॉशिंग्टन डीसी. इलिनॉयही यातच, पण तिथे स्वतःच्या राज्यात बाळगण्यास पात्र असलेल्याला गाडीत पिस्तूल ठेवता येतं. गाडीबाहेर पाऊल टाकताना ते गाडीतच कुलूपबंद राहायला हवं. कामाचे दौरे नेमके या गटातल्या शहरांत होतात, हीच अडचण. घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर यातल्या काही ठिकाणी अनिवासींना परमिट मिळायची वाट खुली झाली. न्यूयॉर्क शहर २०२४ पासून असे अर्ज घेतं, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्सही घेतात. मात्र मेरीलँडला पहिल्या अर्जासाठी १६ तासांचं प्रशिक्षण आणि बोटांचे ठसे लागतात. पुढच्या मंगळवारच्या मीटिंगसाठी आज अर्ज करून काही होणार नाही. वरचेवर जाणं असेल तरच हा खटाटोप करावा.

मान्यतेच्या याद्या बदलतात. ॲपमधला रंगीत नकाशा अंदाजापुरता ठीक. निघण्याआधी त्या राज्याच्या पोलीस खात्याचं किंवा ॲटर्नी जनरलचं अधिकृत पान उघडून बघावं आणि तारखेसह छापून घ्यावं.

वाटेचा कायदा

१९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टमधलं हे कलम ९२६-ए. बोलताना सगळे "फोपा" म्हणतात. कलम सांगतं ते असं: जिथे तुम्ही पिस्तूल कायदेशीरपणे ठेवू आणि बाळगू शकता तिथून, जिथे तसंच ठेवू आणि बाळगू शकता तिथे, मधल्या राज्यांचे नियम काहीही असले तरी नेता येतं. अट अशी की पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल किंवा गोळ्या प्रवासी बसतात त्या भागातून हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी म्हणजे ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल नव्हे.

"ठेवू आणि बाळगू" ही जोडी दोन्ही टोकांना लागू आहे. फिलाडेल्फियाहून व्हरमाँटला निघालात, पेनसिल्व्हेनियाचं परमिट आहे, व्हरमाँटला परमिट लागतच नाही, तर मधलं न्यूयॉर्क या कलमाखाली पार करता येतं. तेच फिलाडेल्फियाहून मॅनहॅटनच्या मीटिंगला निघालात तर कलमाचा काडीचाही उपयोग नाही, कारण शेवटच्या टोकाला बाळगण्याचा हक्क नाही. पेटी, कुलूप, डिकी सगळं चोख असलं तरी नाही.

वाटेत पेट्रोल भरणं, खाणं, स्वच्छतागृह एवढं प्रवासाचा भाग म्हणून खपतं. रात्रीचा मुक्काम, क्लायंटकडे दोन तासांची भेट, मित्राकडे जेवण यांत प्रवास तुटतो. म्हणून रस्त्याने जाताना मुक्काम कडक राज्याच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकावा आणि कडक राज्य एका दमात ओलांडावं. न्यूयॉर्कमध्ये तर "भरलेलं" याची व्याख्याच वेगळी आहे: पिस्तूल रिकामं असलं पण त्यात चालणाऱ्या गोळ्या त्याच वेळी तुमच्या ताब्यात असल्या, तरी कायद्याच्या नजरेत ते भरलेलं. घराबाहेर, परमिटशिवाय असं सापडलं तर हिंसक गुन्ह्यांच्या यादीतला क्लास सी गुन्हा लागतो आणि त्याला किमान साडेतीन वर्षांची कैद आहे. फोपाचं संरक्षण तिथे बहुतेक वेळा अटकेनंतर कोर्टात मांडायचा बचाव म्हणून येतं. रस्त्यावर पोलिसाला कलम वाचून दाखवून सुटका होईल अशा भ्रमात राहू नये.

गाडीची निवड इथे महत्त्वाची ठरते. भाड्याची गाडी घेताना सेडान मागावी. एसयूव्ही, हॅचबॅक, मिनीव्हॅन यांत मागचा भाग आणि प्रवासी भाग एकच, त्यामुळे कुलूपबंद पेटी सक्तीची. सेडानची मागची सीट दुमडून डिकीत हात घालता येतो, म्हणून तिथेही कुलूपबंद पेटीच वापरावी. गोळ्या वेगळ्या, छोट्या कुलूपबंद डब्यात. दोन्ही डिकीत. किल्ल्या गाडीच्या जुडग्यात नकोत. इलेक्ट्रिक गाडीची पुढची डिकी या कामाला उत्तम, कारण ती आतून कुठल्याच सीटवरून गाठता येत नाही.

कलमाच्या मजकुरात पिस्तूल आणि गोळ्या यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा, म्हणजे पिस्तुलात घालायच्या गोळ्यांच्या खोळीचा नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्समध्ये १० गोळ्यांची मर्यादा आहे, कोलोरॅडोत १५, इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये पिस्तुलाला १५, डेलावेअरमध्ये १७. पिस्तुलासोबत आलेलं १७ चं मॅगझिन न्यू जर्सीतून नेताना फोपा त्यालाही लागू होतो की नाही, हा वाद स्वतःच्या खटल्यात सोडवण्यात अर्थ नाही. वाटेतल्या सर्वांत कडक राज्याला चालेल असं मॅगझिन घ्यावं. ईशान्येकडे जाताना ते १० चं. तीच गोष्ट हॉलो पॉइंट, म्हणजे टोक पोकळ असलेल्या गोळ्यांची. न्यू जर्सीत घर, शूटिंग रेंज अशा ठरावीक अपवादांपलीकडे त्या बेकायदा आहेत. साध्या फुल मेटल जॅकेट गोळ्या नेल्या की हा प्रश्नच उरत नाही.

जीपीएसवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. डेट्रॉइटहून बफेलोला जायचं म्हटलं तर सगळ्यांत जवळचा रस्ता ओंटारियोतून, म्हणजे कॅनडातून दाखवतो. कॅनडाने २०२२ पासून हँडगनची आयात जवळजवळ बंद केली आहे, आणि सीमेवर "चुकून आलो" हे उत्तर फार महाग पडतं. लेक ईरीच्या दक्षिणेने, ओहायोतून जावं.

आणखी एक फेडरल कायदा, जो परमिट असलेल्यांनाही अडकवतो: शाळेच्या आवारात आणि आवारापासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल नको. परमिटधारकाला सूट आहे, पण परमिट त्याच राज्याने दिलेलं असेल तर. परमिटशिवाय मुभा देणाऱ्या राज्यात पाहुणा म्हणून तुम्ही राज्याच्या कायद्याने बिनधास्त असता, आणि सिग्नलला शाळेसमोर थांबलात की फेडरल कायद्याने नसता. रिकामं आणि कुलूपबंद पेटीत असेल तर चालतं. शहरातून गाडी चालवताना १,००० फुटांचा हा घेर टाळणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून कमरेला लावून परराज्यात गाडी चालवायची असेल तर त्या राज्याचं अनिवासी परमिट मिळतं का ते बघणं शहाणपणाचं.

विमानाने

विमानाचे नियम खरं तर सोपे आणि देशभर सारखे आहेत. गडबड होते ती घाईत.

पिस्तूल फक्त चेक-इन सामानात. रिकामं, म्हणजे चेंबरमध्ये गोळी नाही आणि आत मॅगझिन घातलेलं नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची सगळी घरं मोकळी. टणक पेटी, कुलूपबंद, आणि किल्ली किंवा नंबर फक्त तुमच्याकडे. पेटीचा दर्जा साध्या चाचणीने कळतो: कुलूप लावून एक कोपरा दोन्ही हातांनी उचकटून बघा. फटीतून बोट आत जात असेल तर ती पेटी नापास. पिस्तुलासोबत दुकानातून आलेला प्लॅस्टिकचा डबा बहुधा इथेच नापास होतो. पेटीला कुलपाची दोन भोकं असतील तर दोन्ही भरावीत, एकाच कुलपावर दुसरा कोपरा उघडतो.

टीएसएची, म्हणजे विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या फेडरल संस्थेची, मास्टर किल्ली चालणारं कुलूप लावावं की साधं? टीएसएच्या पानावर दोन्ही चालतात असं लिहिलं आहे. आम्ही साधंच लावायला सांगू. किल्ली फक्त प्रवाशाकडे असावी असं मूळ नियम सांगतो, आणि मास्टर किल्ल्यांच्या नकला बाजारात मिळतात. बाहेरच्या सुटकेसला टीएसएचं कुलूप चालेल, आतल्या पेटीला नको. लहान पेटी मोठ्या सुटकेसमध्ये ठेवून पेटीची स्टीलची केबल सुटकेसच्या दांड्याच्या चौकटीला गुंडाळली तर उचलून नेणाऱ्याचं काम अवघड होतं. सुटकेसमध्ये लोकेशन ट्रॅकर टाकावा.

गोळ्या त्यासाठीच बनवलेल्या खोक्यात हव्यात, मग ते पुठ्ठ्याचं असो, प्लॅस्टिकचं असो की धातूचं. पाकिटात किंवा मोज्यात सुट्या भरलेल्या चालत नाहीत. टीएसएला गोळ्या त्याच पेटीत चालतात, भरलेलं मॅगझिन पूर्ण बंदिस्त असेल तर तेही. पण काही विमान कंपन्या भरलेलं मॅगझिन घेत नाहीत, म्हणून मॅगझिन रिकामं आणि गोळ्या मूळ खोक्यात हे सगळीकडे पास होतं. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पाउंड, म्हणजे ५ किलो. ९ एमएमच्या ५० गोळ्यांचं खोकं सुमारे ६०० ग्रॅम भरतं, तेव्हा कामाच्या दौऱ्यात वजनाचा प्रश्न येणार नाही.

काउंटरवर गेल्यावर पहिलं वाक्य नीट निवडावं. "माझ्याकडे गन आहे" हे मोठ्याने म्हणू नये. "चेक-इन बॅगेत रिकामं फायरआर्म डिक्लेअर करायचं आहे" एवढं पुरे. एजंट एक छोटं कार्ड देते, त्यावर सही करून ते पेटीसोबत ठेवायचं. पेटी आधीच उघडू नये, सांगितल्यावरच उघडावी, आणि पिस्तुलाला हात लावायला सांगितल्याशिवाय लावू नये. चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग घालून ठेवला की बघणाऱ्याला न हाताळता कळतं. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला "आत बंदूक आहे" असं सांगणारा टॅग लावायला फेडरल कायद्याने कंपनीला बंदी आहे. कोणी लावू लागलं तर शांतपणे सुपरवायझर मागावा. त्यानंतर १५ ते २० मिनिटं तिथेच थांबावं. तपासनीसाला पेटी उघडायची असेल आणि तुम्ही सिक्युरिटीपलीकडे गेलेले असाल तर बॅग विमानात चढत नाही. घरून ४५ मिनिटं लवकर निघावं. किऑस्क आणि रस्त्यावरचं बॅग-ड्रॉप यांच्या वाटेला जाऊ नये.

हातातल्या बॅगेत काय नको: पिस्तूल, गोळ्या, रिकामी मॅगझिनं, फायरिंग पिन, बॅरल, कुठलाही सुटा भाग. २०२४ साली टीएसएने देशभरातल्या तपासणी नाक्यांवर ६,६७८ बंदुका पकडल्या, त्यातल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेकांचं उत्तर एकच, बॅगेत आहे हे विसरलो. दंड १७ हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो, प्रीचेक ही झटपट तपासणीची सवलत किमान ५ वर्षं जाते, आणि स्थानिक पोलिसांचा गुन्हा वेगळा. म्हणून रेंजवर नेलेली पाठपिशवी लॅपटॉपसाठी कधीच वापरू नये. एक सुटी गोळी अस्तराच्या शिवणीत अडकून महिनोन् महिने राहते.

फ्लाइट बिघडली तर

आता मुख्य धोका. तिकीट शक्यतो नॉनस्टॉप घ्यावं. थांबा घ्यावाच लागला तर एकाच पीएनआरवर, आणि नेवार्क, जेएफके, लाग्वार्डिया, बॉस्टन टाळून. दोन वेगळी तिकिटं काढून पैसे वाचवायला गेलात तर मधल्या विमानतळावर बॅग उचलून पुन्हा चेक-इन करावी लागते, म्हणजे त्या राज्यात पिस्तूल तुमच्या ताब्यात आलं.

२०१० सालचा थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाचा निकाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या प्रवाशाची नेवार्कला पुढची सोय हुकली. त्याने बॅग घेतली, हॉटेलात रात्र काढली, सकाळी नियमाप्रमाणे काउंटरवर पिस्तूल डिक्लेअर केलं आणि तिथेच अटक झाली. पुढे गुन्हा मागे घेतला गेला. पण त्याने भरपाईसाठी केलेल्या दाव्यात कोर्टाने म्हटलं की हॉटेलात बॅग हाताशी होती, म्हणून ९२६-ए चं संरक्षण लागू नाही. त्याच वर्षी सेकंड सर्किट या दुसऱ्या फेडरल अपील कोर्टाने ठरवलं की या कलमाच्या आधारे पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. २०१३ साली थर्ड सर्किट आणखी पुढे गेलं: हे कलम गाडीतल्या वाहतुकीपुरतं आहे, टर्मिनलमधून पायी नेण्याला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. विमान न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कला वळवलं, मुक्काम पडला, आणि कंपनी म्हणाली "बॅगा पट्ट्यावरून घेऊन जा", तर बॅग घेऊ नये. काउंटरवर सांगावं की आत डिक्लेअर केलेलं फायरआर्म आहे, बॅग कंपनीच्या ताब्यातच ठेवून पुढच्या फ्लाइटला जोडा. टूथब्रश आणि बदलायचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवायची सवय यासाठीच असावी. बॅग हातात आलीच असेल तर दुसऱ्या दिवशी तिथल्याच काउंटरवर जाऊन डिक्लेअर करण्याआधी त्या राज्यातल्या फौजदारी वकिलाशी बोलावं. नंबर निघण्याआधीच शोधून फोनमध्ये ठेवावा.

लाग्वार्डिया आणि जेएफकेला अडकणारे बहुतेक लोक परतीच्या वाटेवर अडकतात, कारण जाताना अटलांटाच्या एजंटला काहीच खटकत नाही. ती टीएसएचा नियम बघते, न्यूयॉर्कचा कायदा बघणं तिचं काम नाही. परतताना तुम्ही डिक्लेअर करताच न्यूयॉर्कचा एजंट तिथल्या विमानतळांच्या पोर्ट ऑथॉरिटी पोलिसांना बोलावतो. जाताना कोणी अडवलं नाही, हा कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हे.

विमानतळ आणि शहर एकाच राज्यात असतील असंही धरू नये. सिनसिनाटीचा विमानतळ केंटकीत आहे. वॉशिंग्टनचे रेगन आणि डलस दोन्ही व्हर्जिनियात, आणि पूल ओलांडून डीसीत शिरलात की पूर्ण वेगळा कायदा.

मुक्काम आणि ऑफिस

हॉटेलच्या खोलीतली तिजोरी कर्मचाऱ्यांच्या मास्टर कोडने उघडते. ती पासपोर्टला ठीक, पिस्तुलाला नाही. प्रवासाची पेटी तिच्या केबलने पलंगाच्या किंवा कपाटाच्या पक्क्या भागाला बांधावी. हॉटेलचं धोरण आरक्षण करताना विचारून घ्यावं. गाडीत रात्रभर ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय, भाड्याच्या गाड्या चोरांना पार्किंगमध्ये लांबूनच ओळखू येतात.

नोकरीचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला हवा. बऱ्याच कंपन्यांच्या नियमावलीत कामावर असताना शस्त्र बाळगायला मनाई असते, आणि दौऱ्यावरचं हॉटेल आणि कंपनीच्या खर्चाने घेतलेली गाडी हेही "कामावर" मध्ये मोडतं. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवू देणारे कायदे आहेत, पण कंपनीच्या गाडीला त्यांचा आधार गृहीत धरू नये. राज्याचा कायदा तुम्हाला तुरुंगातून वाचवेल, नोकरी जाण्यापासून वाचवेलच असं नाही. एचआरकडून लेखी उत्तर घ्यावं.

क्लायंटच्या इमारतीत फेडरल खात्याचं ऑफिस भाड्याने असेल तर तो भाग फेडरल इमारतच, आणि तिथे पिस्तूल नेणं एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा. पोस्ट ऑफिसच्या नियमात तर पार्किंगसुद्धा येतं. टेक्सासमध्ये दारावर ३०.०६ आणि ३०.०७ असे आकडे असलेली ठरावीक मजकुराची पाटी दिसली तर ती कायद्याने बंधनकारक आहे. इतर काही राज्यांत तशाच पाटीला फक्त मालकाच्या इच्छेचं वजन असतं.

पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, खिडकी खाली. मिशिगन, नॉर्थ कॅरोलिना, अलास्का या राज्यांत पिस्तूल जवळ असेल तर आपणहून सांगणं बंधनकारक आहे. इतर बऱ्याच ठिकाणी विचारल्यावरच. विचारलं तर खोटं बोलू नये. झडतीला संमती मागितली तर सभ्यपणे नाही म्हणता येतं. परमिट, निघण्याच्या आणि पोचण्याच्या ठिकाणचा पुरावा आणि ९२६-ए ची छापील प्रत एका फोल्डरमध्ये असावी, आणि तो फोल्डर पिस्तुलाच्या पेटीत नसावा.

रेल्वेने जायचं असेल तर ॲमट्रॅकला २४ तास आधी फोन करून कळवावं लागतं, ऑनलाइन चालत नाही. दोन्ही स्थानकांवर चेक-इन सामानाची सोय असलेलीच गाडी लागते, गोळ्यांची मर्यादा इथेही ११ पाउंडच. ग्रेहाउंड बसमध्ये बंदूक मुळीच नेता येत नाही. कुरियरने पुढे पाठवून देऊ म्हणाल, तर यूपीएस आणि फेडेक्स २०२२ पासून सामान्य माणसाकडून बंदुकीचं पार्सल घेत नाहीत. परवानाधारक दुकानदारामार्फत पाठवता येतं. पण कुठल्याही परराज्यात ते तिथे तुमच्या हाती येणार नाही, कारण दुकानदाराला दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला हँडगन सुपूर्द करता येत नाही.